सरांनी खोडलेली ओळ

माणूस किती प्रकारांनी मरू शकतो हे यमाच्या खालोखाल कोणाला ठाऊक असेल, तर आमच्या शेजारच्या सरांना. यवतमाळच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर मराठी कविता शिकवली आणि निवृत्त होऊन कळंबच्या अलीकडे आमच्या गावात, बायकोच्या माहेरी, राहायला आले. पीएच.डी. जुन्या कवितेवर, पण जीव सगळा रोगांत. विरहिणीचा चेहरा पिवळा पडला असं एखादा कवी लिहून गेला की सर म्हणणार, "रक्त कमी होतं हो तिचं! सख्यांनी चंदन फासण्यापेक्षा गूळ-शेंगदाणे द्यायचे." हात मिळवायला जावं तर ते नाडी धरत. एकदा सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्याला, कप तोंडाशी नेतानाच, "लघवीला मुंग्या लागतात का?" असं विचारून त्यांनी ती सोयरीक मोडतच आणली होती.

दर रविवारी पेपरात त्यांचा आरोग्याचा, विज्ञानाचा लेख येई. तो आधी गुरुवारी माझ्या ओट्यावर मला वाचून दाखवायचा, हा त्यांचा नेम. मी चौथीतून शाळा सोडलेला. मी हात वर केला की ओळ समजली नाही असं धरून सर ती तिथल्या तिथं खोडत. मी गावभर सांगत फिरे, "डॉक्टर ते असतीन, पण पेपर मी तपासतो."

ज्या वर्षी बोंडअळीनं कहर केला आणि फवारता फवारता माणसं दवाखान्यात पोचू लागली, त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. सरांनी फवारणीवर लेख लिहिला. मी एकदाही हात वर केला नाही. "भाऊ, सगळं समजलं?" म्हणाले. "समजलं," मी म्हणालो. सर लहान पोरासारखे खूश झाले. एकही ओळ न खोडता पास झालेला तो त्यांचा पहिलाच लेख.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात मी एकाच पंपात दोन औषधं ओतली आणि काडीनं ढवळू लागलो. माझा प्रल्हाद, तीस वर्षांचा घोडा, म्हणाला, "बाबा, सर नको म्हणत होते ना?"

"सरानं पऱ्हाटी कुठं पाह्यली? कवितेत! चाळीस वर्षं कापूस मी पेरून राह्यलो का ते?"

पोरगा गुमान पंप पाठीवर घेऊन आत शिरला. दुपारी बाहेर आला तो झोकांड्या खात. अंग घामानं निथळत होतं, तोंडातून लाळ. "बाबा, मले उजेड कमी दिसून राह्यला." वावर घरामागंच; मी ओरडलो तसे सर चप्पल न घालता शेताच्या धुऱ्यावरून धावत आले. पापणी वर करून पाहिली, तर बाहुल्या मोहरीएवढ्या. "कपडे काढा त्याचे! साबण आणा!" सरांच्या आवाजात एवढी जरब मी कधी ऐकली नव्हती. विहिरीवर त्याला धुऊन काढला, ऑटोत घातला.

वाटेत सरांनी विचारलं, "काय फवारलं?"

मी एका औषधाचं नाव सांगितलं.

"एवढंच?"

पोराचं डोकं माझ्या मांडीवर. छाती भात्यासारखी वर-खाली. आणि मी म्हणालो, "एवढंच."

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं. सर तेव्हा केसपेपर काढायला खिडकीवर गेले होते. त्यांची पाठ पाहिली आणि मी बाईंना हळूच दुसऱ्या औषधाचंही नाव सांगितलं. माझ्या ताठ्याची काय उंची सांगू! पोरगा मरणाच्या दारात, अन् मी सर ऐकत तर नाहीत ना, हे पाहतो.

सहा दिवसांनी प्रल्हाद डोळे नीट उघडून म्हणाला, "चहा द्या." सर दाराबाहेर जाऊन रडले. त्याच गुरुवारी संध्याकाळी, मी डबा न्यायला घरी आलो तेव्हा, ओट्यावर आले, तोच लेख घेऊन. अजून पाठवलाच नव्हता. एका पंपात दोन औषधं होती हे प्रल्हादनं त्यांना सांगितलं होतं, पण ओतलं कोणी, का ओतलं, हे बापाची लाज राखून गिळलं होतं. सर म्हणाले, "भाऊ, चूक माझी. मला सोपं लिहिता आलं नाही. कुठली ओळ अडली?"

तेव्हा तरी बोलायचं! पण मी कागदावर बोट ठेवलं. 'दोन औषधं एका पंपात कधीही घालू नका.' सरांनी ती खोडली, आणि तिच्या जागी चार वेळा नवी लिहिली, चारही वेळा खोडली.

मागच्या पोळ्याच्या आधी सर गेले. ना बीपी, ना शुगर, झोपेतच. त्यांची लेक सामान आवरायला आली होती. म्हणाली, "काका, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, एक गोष्ट भाऊंना समजेल अशी लिहायची राहून गेली."

मी तिला चहा विचारला. ती ओळ मला पंपात औषधं ओततानाही पाठ होती.