बी विंगमागची बाव

आमच्या सोसायटीच्या गेटवर वहीत नाव न लिहिता आत येणारी एकच व्यक्ती होती. कुरिअरवाले लिहीत, डॉक्टर लिहीत, एकदा तर अध्यक्षांच्या व्याह्यांनाही लिहावं लागलं होतं. ती मात्र डोक्यावर पितळी हंडा घेऊन सरळ आत येई. वॉचमन पांडेजी नवे होते तेव्हा त्यांनी तिला अडवलं. "अम्मा, किसके घर जाना है?" तिने त्यांना पायांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "घरी न्हाय, बावीवर जातंय. आनि ह्या बिल्डिंगी माज्या मागून आल्यात. नाव लिवायचा असल तं त्यांनी माज्याकडं लिवावा." पांडेजींना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांनी वही मिटली.

इरा आणि निषाद, माझ्या नातवंडांनो, ही होती आमच्या सोसायटीलगतच्या गोडदेव गावची धवलारीण. आगरी लोकांच्या लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी असतात. ती म्हणणारी आणि कोणत्या वेळी काय करायचं ते सांगणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी असले तरी ती लागतेच. गावात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. मी तिला मावशी म्हणे आणि मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते म्हणून ती मला शेक्रेटरीबाय.

तुम्ही दर वेळी विचारता, आपलं गाव कुठलं. तुमचे आजोबा आणि मी दादरहून इथे आलो तेव्हा भाईंदर पूर्व म्हणजे आमच्या लेखी स्टेशन, केबिन रोड आणि परवडणारे फ्लॅट, बस्स. इथे आधी कुणी राहत होतं हे मला मावशीने शिकवलं. तिच्यासोबत भाजी आणायला जाणं म्हणजे दुसऱ्याच गावातून चालणं. मोबाइलच्या दुकानासमोर ती म्हणे, "हितं आमची खलाटी, भात व्हायचा." बँकेच्या एटीएमजवळ बैल बांधायची जागा होती. खाडीकडे बोट करून ती मिठागरं दाखवी, जिथे तिची आई उन्हात मीठ ओढायची. ग्रामपंचायत गेली, नगरपालिका आली, मग महापालिका. त्यावर तिचं मत एका वाक्याचं होतं. "बोर्ड मोठा झाला, डास तेच हायेत."

केबिन रोडवर ती कुणाशीही हिंदीत बोलत नसे. मारवाडी दुकानदार असो की उत्तर प्रदेशचा फळवाला, भाव विचारायची ती आपल्या बोलीत, आणि उत्तर कळेपर्यंत हलायची नाही. दोघं-तिघं दुकानदार तिच्यापुरतं "हाय" आणि "न्हाय" म्हणायला शिकले होते. एकदा मी कांदेवाल्याशी सवयीने हिंदीत घासाघीस करत होते. तोही तोडक्यामोडक्या हिंदीत उत्तरं देत होता. मावशी मध्ये पडली. "तू कुठला रं?" तो म्हणाला, "जालन्याचा." मग ती माझ्याकडे वळली. "तो मराठी, तू मराठी. मंग ह्यो नाटक कोनासाठी चाललाय?" कांदेवाला हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचं बरोबर होतं.

आता बावीचं सांगते. बाव म्हणजे विहीर. आमच्या बी विंगच्या मागे, जनरेटरला लागून, दगडी बांधणीची गोल बाव आहे. गोडदेवात नवरीला हळद लावण्याआधी बायका वाजतगाजत तिथे येतात. धवलारीण काठावर बसते आणि पाण्याला, गावदेवीला, ज्यांनी बाव खणली त्या पूर्वजांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाचं आमंत्रण देते. मग हंडे भरतात. ते पाणी आल्याशिवाय हळद लागत नाही. बिल्डरने जमीन घेताना गावाला तोंडी शब्द दिला होता की ही वाट बंद होणार नाही. तो बिल्डर नंतर कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही.

गाड्या वाढल्या, पार्किंगची भांडणं वाढली. सभेत ठरलं की बावीवर स्लॅब टाकायचा, चार गाड्या बसतील. ठराव मी लिहिला. स्वच्छ इंग्रजीत, मुद्द्यांना क्रमांक देऊन, आणि तो लिहून झाल्यावर मला समाधानही वाटलं. काम सुरू होईपर्यंत बावीच्या वाटेवर लोखंडी दार बसवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी मावशी घरी आली. चहाला नको म्हणाली.

"शेक्रेटरीबाय, बाव बुजवताव म्हनं."

"बुजवत नाही मावशी, झाकतोय. तुमच्याकडे हक्काचा एखादा कागद असेल तर द्या. मी सभेपुढे ठेवते."

"कागद तुमच्याकडं. आमच्याकडं मानसा हायेत."

"कोण माणसं? त्यांना सभेला बोलवा."

"ती मेलीत," ती उठत म्हणाली. "पन हायेत."

त्याच आठवड्यात गावात लग्न होतं. मी विचार केला, यांना पाणीच हवं आहे ना, मग आपण पाणी देऊ. गेटजवळ स्टुलावर पांढरा टेबलक्लॉथ घातला आणि पिण्याच्या पाण्याचे दोन सीलबंद जार ठेवले. वर एक चिठ्ठीही लावली. आपण दोन्ही पक्षांची सोय केली असं मला मनापासून वाटत होतं.

दुपारी चारच्या सुमाराला बायका आल्या, तेव्हा मी वर माझ्या खिडकीत उभी होते. पुढे बेंजो पार्टी, मागे हिरव्या साड्या, हंड्यांवर हळदीची बोटं. मावशीने जारकडे पाहिलं. सील नखाने खरवडून पाहिलं. "लगीन प्लास्टिकचा हाय काय?" असं विचारून ती तिथेच फरशीवर बसली. बायका बसल्या. बेंजो थांबला. अध्यक्ष खाली येऊन पोलिसांना बोलावण्याची भाषा करू लागले. तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पांडेजींना म्हणाली, "ह्या पाटीवरची नावा वाच. मोठ्यांदी."

गेटशेजारी रहिवाशांच्या नावांची पाटी आहे. पांडेजी वाचू लागले, आपल्या हेलात, आणि मावशी एकेक नाव उचलून धवल्यात घालू लागली. शाहांना आमंत्रण, नायरांना आमंत्रण, कांबळ्यांना, डिसूझांना. नवरीच्या हळदीला या, घरच्यासारखे या. वरच्या खिडक्या उघडू लागल्या. आपलं नाव असं गाण्यात कधी कुणी ऐकलं होतं? नायरबाई ओल्या हातांनीच खाली आल्या. शाहांच्या सासूबाईंनी गॅलरीतून विचारलं, "अमने पण बोलाव्या?" अध्यक्षांचं नाव आलं तेव्हा ते बोलायचे थांबले.

मग पांडेजींनी वाचलं, "तीन सौ दो, मधुकरजी." तुमच्या आजोबांचं नाव. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. पाटीवरची सगळी नावं वेळच्या वेळी बदलणारी मी, तेवढं एक बदललं नव्हतं.

मावशी गाता गाता थांबली. तिने वर, माझ्या खिडकीकडे पाहिलं. नंतर डोळे मिटले आणि आवाज खाली आणून जुनी नावं घेतली. बाव खणणारा जोमा, त्याचा भाऊ हाशा, काठ बांधणारा चांगू. आणि त्यांच्या पाठोपाठ, त्याच सुरात, मधुकर. या, नवरीला आशीर्वाद द्या.

ज्या माणसाला आयुष्यभर भाड्याच्या खोलीचा पत्ता होता आणि शेवटी एका फ्लॅटचा, त्याला तिने गोडदेवच्या पूर्वजांत नेऊन बसवलं. मला विचारलं नाही. कागद मागितला नाही.

मी किल्ली घेऊन जिना उतरले. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, ठराव तुम्हीच लिहिलाय." मी म्हटलं, "हो. चुकीचा लिहिलाय." आणि कुलूप काढलं. त्या दिवशी नायरबाईंच्या डोक्यावरही हंडा होता. पुढच्या सभेत स्लॅबचा विषय कुणी काढला नाही, आणि सेक्रेटरीपद मी सोडलं.

मावशी गेल्या वर्षी गेली. तोवर प्रत्येक लग्नाला ती येत राहिली. गुडघे गेले तेव्हा रिक्षा थेट बावीपर्यंत आणायला लावायची. तिच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तर मला म्हणाली, "नावा पाठ केलीस का?" मी होय म्हटलं. तिने म्हणून दाखवायला लावली आणि दोन ठिकाणी दुरुस्त केली.

आता सोसायटीची पुनर्बांधणी निघाली आहे. बावीस मजले, आणि नकाशात बावीच्या जागी पार्किंगचा रॅम्प. जवळजवळ सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. तुमचे बाबा फोनवर म्हणतात, "आई, किती ताणणार आहेस? करून टाक सही." परवा बिल्डरच्या ऑफिसमधला एक तरुण घरी आला. नीटनेटका, माझ्यासारखाच फायलीला रंगीत खुणा लावणारा. "मॅडम, विहिरीबद्दल तुमच्याशिवाय कुणाचीच हरकत नाही," तो म्हणाला. "जुने हक्क कुणाचे आहेत ते सांगा, आम्ही बघतो."

मी चष्मा घातला आणि त्याला खाली घेऊन गेले. जनरेटरच्या बाजूने, दगडी काठापर्यंत. मला धवले येत नाहीत आणि माझा आवाज वर्गात कविता शिकवल्यासारखा लागतो. तरीही मी पहिल्यापासून सुरुवात केली, जोमा, हाशा, चांगू. तो एकदा घड्याळाकडे पाहत होता, एकदा फोनकडे. मी मधे एकही नाव गाळलं नाही.