पुढे चाललेली दुसरी गाडी

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसलोही आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर. मशीन बंद पडलं तर कारण असतं, आवाज आला तर तोही कुठून तरी येतो... एवढीच माझी श्रद्धा. त्यामुळे खालचं सगळं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

दिल्लीतल्या द्वारकेत मेट्रो नुकतीच आली होती तेव्हाची गोष्ट. मी आणि मीनल, माझी बायको, पुण्याहून येऊन तिथल्या एका सोसायटीत राहत होतो. मी दिल्लीबाहेर मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होतो. रोज कंपनीची बस, तेच ऑफिस, तीच प्रेझेंटेशन्स. अशात एका सहकाऱ्याकडून कळलं की मानेसरच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी एका फार्महाऊसवर इंपोर्टेड स्पोर्ट क्वाड विकायची आहे. चार चाकांची मोटारसायकलच म्हणा. आणि इंजिन टू-स्ट्रोक!

कॉलेजात माझ्याकडे टू-स्ट्रोक बाइक होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, निळा धूर सोडायचा, आणि एका ठरावीक वेगानंतर इंजिन अचानक जो झटका देतं ना... तो ज्यानं अनुभवलाय त्यालाच कळेल.

मीनलचा साफ विरोध होता. "रस्त्यावर चालवता येणार नाही. पार्ट इथे मिळत नाहीत. पिस्टन, रिंगा सारख्या बदलाव्या लागतात हे तूच सांगतोस. मग ठेवायची कुठे, बाल्कनीत?"

"नुसती बघून तर येऊ."

"तू नुसतं काही बघत नाहीस," ती म्हणाली. पण आली बरोबर.

जानेवारीतला रविवार होता. दिवस बराच वर आला होता तरी धुकं पुरतं हटलं नव्हतं. फार्महाऊसचे मालक खन्नाजी, साठीचे, रुबाबदार पण अगदी प्रेमळ. त्यांनी शेडमधून क्वाड बाहेर काढली. पांढरी, जरा ओरखडे पडलेली, पण इंजिन एकदम स्वच्छ. मी किक मारली आणि पहिल्याच किकला ती किंचाळून उठली. माझा चेहरा बघून मीनलनं कपाळावर हात मारला.

"खेत का एक चक्कर लगा लो, बेटा," खन्नाजी म्हणाले. "कीकर के पेड़ों से वापस मुड़ जाना. उससे आगे मत जाना." मग ते चहाचं बघायला आत गेले. मीनल गच्चीवर जाऊन उभी राहिली, मी दिसावा म्हणून.

मी निघालो. शेताच्या टोकाला पोचतोय तोच पुढून आवाज आला. दुसरं टू-स्ट्रोक इंजिन. त्या आवाजात चूक होणं शक्य नाही. धुक्यात लाल टेललाइट दिसला, त्यावर वाकलेली एक पाठ, आणि जळक्या ऑइलचा तो गोडसर वास. मला वाटलं, खन्नाजींकडे आणखी एक गाडी आहे आणि ते वाट दाखवायला आलेत. कीकरची, म्हणजे बाभळीची झाडं मागे पडली तेव्हा वळायला सांगितल्याचं आठवलं, पण मालकच पुढे चाललाय म्हटल्यावर मी कशाला थांबतोय! तो वेग वाढवायचा, मी वाढवायचो. मी जरा मागे पडलो की तो हळू व्हायचा... माझ्यासाठी थांबल्यासारखा.

आणि माझं इंजिन बंद पडलं. खोकणं नाही, धक्का नाही, कुणीतरी चावी फिरवावी तसं. गाडी थोडी घसरत जाऊन थांबली.

पुढचा आवाज मात्र चालूच होता. सरळ, एका लयीत, लांब लांब जात. मी ओरडलो, "खन्नाजी, रुकिए!" उतरून दोन-चार पावलं पुढे गेलो आणि पायाखालचा एक दगड निसटला. तो खाली आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. मग पाण्यात पडल्याचा.

समोर जमीन नव्हतीच. दगडाची जुनी खाण होती, काठोकाठ धुक्यानं भरलेली. आणि त्या गाडीचा आवाज खाणीच्या वरून, हवेतून, तसाच सरळ पलीकडे जात होता. ना पडला, ना वळला. हळूहळू विरून गेला.

कशीबशी गाडी मागे ओढली, किक मारली. पहिल्या किकला सुरू!

परत आलो तर मीनल गच्चीवरून उतरून अंगणात आली होती. "खन्नाजी कुठे राहिले?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? दोन गाड्या गेल्या ना, एक पुढे, मागे तू—"

तेवढ्यात दारातून खन्नाजी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. मीनल त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आपकी दूसरी गाड़ी कहाँ है?" मी विचारलं.

त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला. "दूसरी का आपको किसने बताया?"

दोन आणल्या होत्या त्यांनी, जोडीनं. पार्ट इथे मिळत नव्हते म्हणून एक खोलून तिचा सिलिंडर, पिस्टन, जे जे लागेल ते दुसरीला लावत गेले. मग ती आता कुठे आहे, मी पुन्हा विचारलं. त्यांनी मी आणलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. "इसी में है, बेटा."

ऊन पडल्यावर आम्ही तिघं खाणीपर्यंत चालत गेलो. ओल्या मातीत चाकांच्या खुणा स्पष्ट होत्या. एकाच गाडीच्या. त्या काठाच्या इतक्या जवळ थांबल्या होत्या की मीनलनं माझा हात धरला तो परत येईपर्यंत सोडला नाही. या गाड्यांवर कुणाला काही झालं होतं का, हेही विचारलं. "खरोंच तक नहीं आई किसी को, कसम से," खन्नाजी म्हणाले. गावातही चौकशी केली. त्या खाणीत कधी कुणाचा जीव गेलेला नाही. म्हणजे तीही गोष्ट जुळत नाही.

गाडी घेतली नाही, हे सांगायला नको.

डोंगरावरून आलेला माझ्याच इंजिनाचा प्रतिध्वनी, धुक्यात माझाच धूर... असं मी स्वतःला समजावून बघितलंय. पण मीनलला दुसरी गाडी असल्याचं माहीतच नव्हतं, आणि तिनं दोन पाहिल्या. ती म्हणते, ज्यानं इंजिन बंद केलं त्यानं तुला वाचवलं. मी म्हणतो, मग पुढे कोण होतं? यावर आमचं आजही एकमत नाही.

एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगितलेली नाही. त्याच्या मागे जाताना मला जराही भीती वाटली नव्हती. मी मोठमोठ्यानं हसत होतो... दिल्लीत आल्यापासून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.