राघो जॉबरची वाजणारी सायकल

आणीबाणीच्या आदल्या सालची गोष्ट. आमच्या वळ गावात कुणी विचारलं की राघो जॉबर कुठं राहतो, तर लोक सांगायचे, "थांबा जरा, शिफ्ट सुटलीच हाय, आवाज येईल." आवाज म्हणजे ह्यांच्या सायकलीचा. कुईं-कच, कुईं-कच. मी चुलीपाशी असले तरी कळायचं, हे वळणावर आले. कुत्री भुंकायची. शेजारची सीताबाई ओट्यावरून ओरडायची, "मैना, तुझी वरात आली गं!"

मला मेलं लाजेनं कुठं तोंड लपवू असं व्हायचं. कारण ह्यांचं कामच आवाजाचं. भिवंडीत कापडाच्या कारखान्यात लूम अशा खडखडतात की कानाला तोंड लावलं तरी बोलणं कळत न्हाय. माणसं ओठ बघून आन् हातवाऱ्यांनी बोलतात. अशा गोंगाटात लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरानं नुसतं चालत जायचं आन् सांगायचं, हिचा धोटा अडतोय, तिचा पट्टा ढिला झालाय. ह्यांचा कान तर इतका तिखट, की लग्नानंतर माझं जातं ऐकून म्हणाले होते, "खुंटा सैल झालाय." बघितलं तर खरंच सैल! आन् ह्या माणसाच्या सायकलीची ही बोंब.

"अवो, जगाच्या मशीनी दुरुस्त करता, सोताच्या सायकलीला थेंबभर तेल न्हाय? दिव्याखाली अंधार!" मी रोज भांडायची. हे हसून "हां, हां" म्हणायचे आन् भाकरीकडे वळायचे. ते हां-हां मला आवडायचं न्हाय. भांडणाला भांडण हवं की न्हाय माणसाचं?

शेवटी एका सुट्टीला ह्यांनी सायकल अंगणात स्टँडवर लावली. हातानं चाक फिरवलं, कान जवळ नेला, चेहरा गंभीर. लूममध्ये आवाज येतो तो फिरणाऱ्या जागेतून, आन् त्याला औषध एकच, तेलाची बुधली. म्हणून फिरतं ते सगळं ह्यांनी माखलं. चेन माखली, पायडल माखलं, दोन्ही चाकं माखली. चाकाला घासतात म्हणून ब्रेकची रबरंसुद्धा सोडली न्हायत. मग टांग टाकून विहिरीला चक्कर मारून आले. ब्रेक लागतो कशाला? पाय घासत घासत पेंढ्याच्या उडवीत घुसले. आन् सायकल? अख्ख्या रस्त्यानं कोकलत आली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

हे अंगावरचा पेंढा झटकत उठले आन् आनंदानं म्हणाले, "गेला बघ आवाज!"

मला वाटलं, थट्टा करतात. चेहरा बघितला तर थट्टा न्हवती. मी पाठ फिरवली आन् नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अवो, च्या ठेवू?" उत्तर न्हाय. पुन्हा म्हटलं. हे आपले फडक्यानं हँडल पुसत होते.

मी समोर जाऊन उभी राहिले. "तुमाला ऐकू येत न्हाय?"

"येतं की! बहिरा हाय का मी?" केवढे अंगावर आले. मग ओट्यावर बसले आन् हात गुडघ्यांवर ठेवले. "बारीक आवाज गेलेत गं. लूमचा ठोका येतो, बाकीचं न्हाय. हात लावून वळखतो. कारखान्यात सगळे ओठ बघूनच बोलतात, म्हणून कुणाला कळलं न्हाय."

"आन् कळलं तर?"

"चिंधूचं काय झालं?"

चिंधू जॉबरचं काय झालं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला कमी ऐकू येतं हे हिरामण मुकादमानंच मालकाच्या कानावर घातलं. तेव्हापासून चिंधू कापडाची गाठोडी उचलतो, अर्ध्या पगारावर, वाकलेल्या पाठीनं. ह्यांना दुसरं काम येत न्हवतं, आन् ह्यांच्या कामावर आमचं घर.

"गेटावर सगळे सायकलीला हसतात," हे म्हणाले. "एक दिस हिरामणकाका इचारणार, जॉबर असून तुला हे सहन कसं होतं? तिथंच उघडा पडलो मी."

म्हणजे तो आवाज मारायलाच हवा होता, आन् ज्यानं मारायचा त्याला तो ऐकू येत न्हवता. मी पदर खोचला. कॅरियरवर बसले आन् सांगितलं, "वाजली की पाठीत बोट खुपसीन. चला."

अंजूरच्या रस्त्याला निघालो. लोकांना वाटलं, राघो बायकोला फिरवायला निघाला. कुणी शिट्टी मारली. इकडं माझा जीव टांगणीला. पायडल दाबलं की कुईं, खुपसलं बोट. ह्यांनी ठरवलं, पायडलच! उताराला मी ओरडले, खांद्यावर हात मारला, पाय थांबवायला लावले. पाय थांबले तरी खड्ड्यात चाक गेलं की कुईं. खुपसलं बोट. हे वैतागले. "मग काय हवेत वाजते?" मी म्हटलं, उतरा खाली, मला कॅरियरवरच बसू द्या आन् ढकला. दूरवर ढकलत नेली. गप! हे बसले, पुन्हा कुईं.

"अवो, तुमी बसलात की रडते, उतरलात की गप!" मी त्यांचं तोंड धरून सांगितलं. सीट उचकटून बघितलं, तर खालची एक स्प्रिंग गंजून दांडीवर घासत होती. जे फिरतच न्हाय ते बोंबलेल, हे जॉबराच्या डोक्यात यावं कसं? मी लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली, चेनीवरच्या ग्रीसमध्ये माखून तिथं आवळून बांधली. हे बसून दोनदा उडी मारून आले. चिडीचूप.

"गेला ना? खरं सांग. माझी शपथ?" घरी येईपर्यंत हे तेच विचारत होते. ह्यांना माझ्या शब्दावरच इसवास ठेवायचा होता, आन् तेच मला सोसेना.

दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून मी बरोबर गेले. ब्रेकची रबरं राखेनं पुसली होती, सायकल मुकाट चालत होती. गेटावर तुळशीराम पहारेकरी पाठीमागून म्हणाला, "काय राघोभाऊ, आज घोडी गप?" हे सरळ पुढं. मी घाईनं कोपर मारलं तेव्हा वळले आन् हसले.

तेवढ्यात हिरामण मुकादम समोर आला. पांढरी टोपी, तोंडात तंबाखू. ह्यांनी ब्रेक दाबून सायकल त्याच्या पुढ्यात उभी केली आन् रामराम घातला. टायरचा आवाज न्हाय, सीटचा न्हाय, काहीच न्हाय.

हिरामणनं ह्यांच्या ओठांकडे बघितलं आन् कपाळाला आठी घालून म्हणाला, "अजून वाजतेच हाय तुझी सायकल. किती दिस सांगतोय, तेल घाल तिला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. न्हाय, वाजली न्हाय.

माझ्या अंगात संतापाचा डोंब उठला. मेल्या, तुला सोताला ऐकू येत न्हाय, मग चिंधूचं काय? अगदी जिभेवर आलं होतं. पण ह्यांनी माझा हात दाबला. तुळशीरामच्या खोपटातून बुधली आणली, खाली बसले, आन् गप सायकलीच्या गप चेनीवर थेंब थेंब तेल सोडलं. पायडल हातानं फिरवलं. मग मान वर करून, ओठ मोठे करून विचारलं, "आता बघा काका."

हिरामण वाकला. टोपी मागं सारून कान चेनीजवळ नेला, डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिला.

"हां," तो म्हणाला, "आता गेला." आन् ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून ह्यांना आत घेऊन गेला.