कापड्याची शेवटची गाडी
समोसे तळल्याचा वास आला की मला महाडच्या कॉलेजातला आमचा स्वागत समारंभ आठवतो. प्राचार्यांचं भाषण लांबलं होतं आणि बाहेर समोसे तळत होते. शेजारी बसलेल्या महाडच्या मुलीशी माझी तासाभरात गट्टी जमली होती. मी उठले तशी ती म्हणाली, "थांब ना, एकत्र खाऊ." "नाय गो, कापड्याची शेवटची गाडी हाय," म्हणत मी माझ्या गावची एसटी गाठायला स्टँडकडे धावले. दुसऱ्या दिवशी ती आदल्या संध्याकाळी जमलेल्या मैत्रिणींत बसली होती. माझ्याकडे बघून हसली, पण बाकावर कोणी सरकलं नाही. पुढेही गप्पा रंगायला लागल्या की माझी गाडीची वेळ व्हायची. आता मी महाडातच राहते, तरी कुठल्याही कार्यक्रमात दाराजवळचीच खुर्ची धरते.