खाडीकाठचा बांध

१९५६ साली पनवेलच्या खाडीकाठची आमची वस्ती दर उधाणाला बुडायची. मिठागरात जन्म काढलेल्या गोमाकाकाने घरटी एक माणूस जमवून बांध घालायला घेतला. वस्ती उठवून वखार बांधू पाहणाऱ्या ठेकेदाराची माणसं पौर्णिमेच्या सकाळी पहारी घेऊन आली. त्यांनी बांध फोडला, काकाच्या बायकोचं, मालूकाकीचं डोकं फोडलं आणि काकाचे दोन्ही हात मोडले.

“आता घाल बांध, म्हातारड्या!” एकजण हसला.

दुपारी उधाण येणार होतं. मालूकाकीला बायकांनी दवाखान्यात नेलं. आम्ही काकालाही न्यायला उचललं, तर तो ओरडला, “हात मोडले, पाय हायत ना? चिखल टाका रे!”

मिठागरात बांध पायांनीच तुडवून घट्ट करतात. काका कळवळत, शिव्या देत तुडवत राहिला. पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर थांबलं.