फळ्यावरचा अडतीस

साखरेचा भाव फळ्यावर अडतीस लिहिला तो भाच्याने. तोही ठळक, खाली दोन रेघा ओढून. शाळेत गणित शिकवणारा माणूस; रेघा ओढल्याशिवाय चैन पडत नाही.

आत्याच्या दुकानात सव्वीस वर्षांत फळा नव्हता. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिने घराची पुढची खोली रिकामी करून वाणसामान मांडलं आणि भाव तोंडी ठेवले. "लिहिलं की बांधलं," म्हणायची. वजन झाल्यावर काटा सरळ असला तरी वर एक चिमूट टाकायची, मग पुडीला सुतळी. पण समोर काचेचं मोठं दुकान आलं, त्याच्या दारावर रोज स्वस्ताईचे आकडे झळकू लागले, आणि जुनी गिऱ्हाइकं आत्याच्या दारावरून नजर चुकवून जाऊ लागली. मग घाऊक व्यापाऱ्यानेही हात आखडता घेतला: माल उतरताना रोख, नाहीतर टेम्पो परत. आज टेम्पो पाचला येणार होता. चार हजार दोनशे लागणार होते. फडताळं अर्धी रिकामी होती; टेम्पो परत गेला असता, तर दुकानाला कुलूपच.

म्हणून रजेवर आलेल्या भाच्याने समोर जाऊन भाव टिपले, पुराव्याला साखरेची एक पिशवीही आणली, आणि आत्या आत नवऱ्याला जेवू घालत होती तेवढ्यात फळा टांगला. ती बाहेर येते तर दारात रांग.

"बघ आत्या, कशी झुंबड उडालीय."

"अडतीस? मला बेचाळीसला पडते रे, शहाण्या."

"समोर अडतीसच आहे. डोळ्यांनी पाहिलं."

"काय पाहिलंस? पिशवी की किलो?"

आत्याने त्याची पुराव्याची पिशवी काट्यावर ठेवली. काटा आठशे पन्नासवर थांबला. रांगेतल्या माना पुढे झाल्या.

"म्हणजे किलोला पावणेपंचेचाळीस," भाचा पुटपुटला. या वेळी हिशेब बरोबर होता.

"आता उजेड पडला होय," पहिल्या नंबरची शिंपीण म्हणाली. "मास्तर, पोरांचं कसं व्हायचं हो?"

रांग हसली. आत्या हसली नाही. भाच्याने फडकं उचललं तसं तिने त्याचं मनगट धरलं. "रांगेतल्यांनी वाचलंय. त्यांना अडतीसच. घरटी दोन किलो. मग पूस."

"अगं, पण टेम्पो—"

"तू लिहिताना टेम्पो कुठे होता?"

चोवीस माणसं. पोत्यात साखर सत्तेचाळीस किलो. भाचा मापं भरत राहिला आणि प्रत्येक पुडीला चार गेले, चार गेले, असं मनात मोजत राहिला. पुडी दोन किलोची, म्हणजे आठ, हे त्याला दहाव्या पुडीला सुचलं. शेवटच्या, निवृत्त नर्सबाईंना एकच किलो मिळाली. त्यांनी दोन्ही किलोंचे पैसे ठेवले. "एक किलो राहिली हं," एवढंच म्हणाल्या.

पावणेपाचला आत्याने गल्ला पालथा केला. साखरेला आलेल्यांनी चहापत्ती नेली होती, साबण, मेणबत्त्या. टेम्पोवाल्याने नोटा दोनदा मोजल्या, चिल्लर तिसऱ्यांदा, भाच्याकडे पाहत. मग टेम्पोचा मागचा फाळका पाडून माल उतरवला.

"समोरचेही हेच करतात की," भाचा जरा सावरून म्हणाला. "साखरेत बुडायचं, साबणात वसूल करायचं."

"त्यांचं पोट मोठं. मी दुसऱ्यांदा बुडाले तर वर येणार नाही." तिने फळा पुसून त्याच्यापुढे धरला. "लिही. साडेचव्वेचाळीस. पूर्ण किलो. आणि रेघा नकोत."

फळा तेव्हापासून टांगलेला आहे.

"नर्सबाईंची राहिलेली किलोभर साखर तुझ्याकडून," आत्याने बजावलं. "आपल्या हाताने नेऊन दे."

भाचा निघायच्या घाईत होता. पुराव्याची पिशवी तशीच पडली होती. तीच नेऊन दिली. बाईंनी ती तळहातावर तोलली आणि ठेवून घेतली. दीडशे ग्रॅम अजून बाकी आहेत.