नव्वद अभिप्राय आणि त्याच त्या चुका

मंडळी, आज डोकं भयंकर तापलंय. पळसदरीत घरबसल्या फसता फसता वाचले.

थोडी क्रिप्टो, म्हणजे ते आभासी चलन, घ्यावी म्हणून आठवड्यापूर्वी खरेदी-विक्रीच्या ॲपवर एक विक्रेता निवडला होता; चॅटवर रोज बोलणं चालू होतं. नव्वद गिऱ्हाइकांनी त्याला पाचपैकी पाच तारे दिलेले. पैसे पाठवण्याआधी मी ते अभिप्राय वाचले. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, कॉपी मला लगेच कळते. सगळे अभिप्राय दोन दिवसांतले, वाक्यं तीच, चुकाही त्याच.

जाब विचारला, तर म्हणतो, "मावशी, ॲप सोडा, पैसे थेट पाठवा. माझ्यावर विश्वास नाय का?"

"तुझ्यावर नाही आणि तुझ्या नव्वद भावंडांवरही नाही रे," असं लिहून त्याला ब्लॉक केलं.

पैसे वाचले. पण गेला आठवडाभर रोज "मावशी, जेवलात का?" असं विचारणारा तो एकटाच होता. लबाड ठरलेल्या माणसाची आठवण येते, तेव्हा तुम्ही काय करता?